टकळी, टीव्ही आणि टॅबलेट

तर मंडळी, दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या हापिसात एक मेल आला. मिहानमधल्या हापिसांत असे मेल दरवर्षी ठरावीक दिवसांत येतातच, कारण सीएसआरचा पैसा मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. (2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं, आणि तेव्हापासून आसपासच्या शाळांच्या नशिबी टॅबलेट आले.) मेलचा मथितार्थ असा, की जवळच्या गावांतल्या जिल्हा परिषद शाळांना टॅबलेट द्यायचं ठरलंय, त्यावर टाकायला पहिली ते चौथीसाठी एक ॲप हवंय, तर वीकांताला वेळ देणारे स्वयंसेवक कोण? पाच मिनिटांत अकरा हात वर. त्यात माझाही.

दुपारी कँटीनमध्ये त्याच विषयावर गप्पा सुरू होत्या. फ्रंटएंड कशात लिहायचं, रंग कोणते, कार्टून असावं की नसावं वगैरे. आमच्या टीममधला एक वर्धेकर डबा खाता खाता म्हणाला, "अबे, पण हे आधी कोणी करून पाह्यलं का नाही? का आपुनच पहिले?"

साधा प्रश्न, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. नवीन फ्रेमवर्क आलं की आधीच्या तीन व्हर्जनमध्ये काय बिघडलं होतं ते आम्हाला तोंडपाठ असतं. पण वर्गात यंत्र आणण्याचा इतिहास विचारला की सगळ्यांची गाडी लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेपाशी येऊन थांबते. म्हणून मग तीन वीकांत वाचत बसलो. निघालं ते असं, की हे आधी करून पाहिलेलं आहे, एकदा नाही, चांगलं पाच-सहा वेळा. आणि त्यातला एक मोठा प्रयोग आमच्या हापिसाजवळून जाणाऱ्या वर्धा रोडवरच, इथून साधारण सत्तर किलोमीटर पुढे झाला.

त्याच्याही आधीचं एक थोडक्यात सांगून टाकतो. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असायची. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, हात फिरवला की पाटी कोरी. खर्च शून्य आणि अनडू एका फटक्यात :) तिकडे मद्रासला एग्मोरमध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवत होता. त्यानं तिथल्या देशी शाळेत वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणली. जोडीला मोठ्या मुलानं लहान मुलाला शिकवायचं ही युक्ती. 1797 मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका छापली आणि पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत वाळूचे ट्रे गेले. म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञानाची निर्यात आपण सव्वादोनशे वर्षांपूर्वी करून बसलोय, आणि तेही रॉयल्टी न घेता.

आता वर्धा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937. त्याच वर्षी प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. शिक्षण खातं हाती आलं, पण तिजोरीत पैसा कुठे होता? जो होता त्यातला बराच दारूवरच्या करातून यायचा, आणि दारूबंदी तर करायची होती. म्हणजे मुलांना शिकवायचं तर लोकांनी दारू प्यायला हवी, असा तो पेच. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण, आणि ते सगळं एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, अशी ती कल्पना. अभ्यासक्रम आखायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष झाकिर हुसेन, म्हणजे पुढे राष्ट्रपती झाले तेच. हिलाच आपण 'नई तालीम' किंवा 'वर्धा योजना' म्हणतो.

हस्तोद्योग अनेक सुचवले होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती टकळी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलीही नसेल. एक बारीक सळई, खालच्या बाजूला एक चकती, बस्स. पेळूचं टोक अडकवायचं, बोटांनी गिरकी द्यायची आणि हात वर नेत सूत ओढायचं. समितीनं दिवसातले 3 तास 20 मिनिटं उद्योगाला दिले होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे शिक्षण की बालमजुरी? तेव्हाही अनेकांना हेच वाटलं होतं. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी त्याच परिषदेत उघड विरोध केला. मुलांनी केलेला माल विकून शाळा चालवायची तर मुलं गावातल्या कारागिरांच्याच पोटावर पाय आणतील, असा त्यांचा मुद्दा. तो आजही खोडता येत नाही.

पण टकळीकडे शिकवण्याचं साधन म्हणून बघा, मग गंमत कळते. सूत मोजायची मापं होती. चार फुटांची एक तार, 160 तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे एका गुंडीत 640 तार. तर सांगा पाहू, गुंडीत किती फूट सूत? 2560. आज तू 90 तार कातलेस, गुंडी पुरी व्हायला अजून किती दिवस? उन्हाळ्यात सूत जास्त का तुटतं? (हवा कोरडी होते म्हणून, नागपूरच्या मे महिन्यात कुणालाही पटेल.) आपल्या काळ्या मातीत कापूस का येतो, इथला कापूस मँचेस्टरला का जायचा, परत येताना कापड होऊन का यायचा? गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, सगळे धागे त्या एका सळईतून निघतात. मुख्य म्हणजे हे प्रश्न काढायचे गुरुजींनी. यंत्रात एकही धडा भरलेला नाही. गुरुजी हुशार तर टकळी हुशार, गुरुजी कंटाळलेले तर टकळी म्हणजे नुसती सळई.

आणि नेमकं तेच झालं. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघात आशादेवी आणि आर्यनायकम यांच्यासारखी माणसं होती तोवर तिथे मुलं खरंच शिकत होती. बाहेरच्या शाळांत पोचली ती फक्त टकळी. माझे आजोबा काटोल तालुक्यातल्या शाळेत होते. त्यांना सूतकताईचा तास आठवायचा, किती सूत काढलं की किती मार्क तेही आठवायचं. मी विचारलं, मग त्या सुतावर गणितं घालायचे का? ते म्हणाले, "छे रे, गणिताचा तास वेगळा. तेव्हा टकळी दप्तरात ठेवायची." एका वाक्यात नई तालीमचं काय झालं ते आलं. आईबापांनाही आपल्या पोरानं शाळेत जाऊन पुन्हा हातकामच करावं हे रुचत नव्हतं. ज्यांच्या पिढ्या हातकामात गेल्या त्यांना तर नाहीच. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळाही पुढे बंद पडली आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली. आजही आहे, कधी गेलात तर बघून या.

याच काळातली दुसरी गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या समुद्राकाठची (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे). ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरी पद्धत त्यांना पूर्ण अवगत होती, आणि त्यातली अडचणही. माँटेसरीची साधनं म्हणजे मोजूनमापून घडवलेले लाकडी ठोकळे, मणी, दट्टे, महागडं प्रकरण. खेड्यातल्या बालवाडीला ती कुठून परवडणार? 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ठोकळ्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पानं आली. लहान-मोठं शिकायला वेगवेगळ्या आकारांची पानं, मोजायला चिंचोके. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर गेली, ती कुरणशाळा.

आमच्या भाषेत सांगायचं तर ताराबाईंनी इम्पोर्टेड हार्डवेअरची स्पेसिफिकेशन वाचली, ते हार्डवेअर नेमकं काय करतं हे समजून घेतलं, आणि तेच काम करणारं हार्डवेअर झाडाखालून उचललं. हरवलं तर दुसरं उचलायचं. वॉरंटीची भानगड नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सरस इंजिनियरिंग हेच. असो.

आता तारा-विजेच्या यंत्रांकडे येऊ.

रेडिओवर मी फार थांबत नाही. नागपूर आकाशवाणी 16 जुलै 1948 ला सुरू झाली. शाळांसाठी कार्यक्रम आकाशवाणीच्या मोठ्या केंद्रांवर त्याआधीपासून होत असत. अडचण एकच, रेडिओ वर्गाचं वेळापत्रक विचारत नाही. तिकडे नदीचा धडा लागला तेव्हा इकडे मधली सुट्टी.

टीव्हीची गोष्ट मात्र भन्नाट आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष भारतानं नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वापरायला घेतला. त्यासाठी तो अमेरिकेवरून हलवून आफ्रिकेच्या वर आणून ठेवला होता. सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत, जिथे बऱ्याच ठिकाणी धड रस्ताही नव्हता, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर रुंद छत्र्या उभ्या राहिल्या आणि थेट उपग्रहावरून चित्र येऊ लागलं. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. हा 'साइट' प्रयोग. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक तेव्हा यशपाल होते. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरकडचा भाग होता, म्हणजे नागपूरहून हावडा लाईननं निघालं की काही तासांवर.

वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, पडदे काळे झाले. म्हणजे सर्व्हर भाड्याचा होता, लीज संपली! चेष्टा बाजूला, पण तेवढ्यावरून इस्रोला पुष्कळ शिकायला मिळालं आणि 1983 मध्ये आपला स्वतःचा इन्सॅट-1बी वर गेला. इथे नागपूर गोष्टीत येतं. इन्सॅटच्या ग्रामीण प्रक्षेपणासाठी महाराष्ट्रातला जो पट्टा निवडला तो नागपूरच्या आसपासचा होता, आणि इथे उपग्रह दूरदर्शन केंद्र आलं. शाळांसाठीचे मराठी कार्यक्रम बनवायला पुण्यात 27 जानेवारी 1984 ला संस्था स्थापन झाली, 'बालचित्रवाणी'. सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. बालभारतीचा स्थापना दिवसही 27 जानेवारीच, साल 1967. वाचकांपैकी जे ऐंशी-नव्वदच्या दशकात शाळेत होते त्यांना सकाळची बालचित्रवाणी नक्की आठवत असेल. मी त्यानंतरचा, मला ती मोठ्या ताईकडून ऐकून माहीत.

या शालेय प्रक्षेपणाची रचना बघा. हिंदी, मराठी, गुजराती, उडिया, तेलुगू अशा पाच भाषा, प्रत्येकीला 45 मिनिटं. त्यात 20 मिनिटं पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, 20 मिनिटं नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आणि मधली पाच मिनिटं अदलाबदलीला. लहानांनी उठायचं, मोठ्यांनी बसायचं. कागदावर सुरेख. पण ज्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि गुरुजी एकच, तिथे उठून जायचं कुठे? ज्या दिवशी वीज नाही त्या दिवशीचा धडा कायमचा गेला, कारण रिवाइंड नाही. शिवाय पुण्याच्या स्टुडिओतला मास्तर गोंडपिपरीच्या मुलीची शंका ऐकू शकत नाही. कार्यक्रम चांगले होते, त्याबद्दल वाद नाही. अडचण अशी की वर्गातल्या गुरुजींच्या हाती फक्त चालू-बंदचं बटण होतं.

एक मजेशीर योगायोग. 1984 मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढून काही माध्यमिक शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर ठेवले. आणि 1987 मध्ये त्याच केंद्र सरकारला प्राथमिक शाळांसाठी 'खडू-फळा मोहीम' काढावी लागली, म्हणजे दर शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा तरी मिळावा म्हणून. एकाच देशात, तीन वर्षांच्या अंतरानं.

आता खैराट. हे नाव मी याआधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं तुमच्यातल्या बहुतेकांनीही नसेल. रायगड जिल्ह्यातलं छोटंसं गाव, एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून वीसेक मुलं. एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी 2005 मध्ये 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' जाहीर केला होता, दर मुलामागे एक. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं 2006 मध्ये त्याला स्वच्छ नकार दिला. आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असा त्यांचा एकंदर सूर होता. तरीही 2007 मध्ये भारतातला त्याचा पहिला प्रयोग झाला तो या खैराटमध्ये. पांढऱ्या-हिरव्या रंगाचे, रबरी कळांचे, सशाचे कान असल्यासारखे अँटेना वर काढणारे ते लॅपटॉप मुलांच्या हाती आले.

हे यंत्र मला फार आवडतं, खरं सांगतो. उन्हातही दिसणारा पडदा. इंटरनेट नसलं तरी आसपासचे लॅपटॉप आपापसांत जाळं विणून बोलणार, म्हणजे एका मुलीनं काढलेलं चित्र दुसरीला आपल्या पडद्यावर पुढे काढता येणार. आणि कळफलकावर चक्क एक 'सोर्स दाखव' अशी कळ. चालू असलेला प्रोग्रॅम आतून कसा आहे ते उघडून पाहा, वाटल्यास बदला. वरचं बरंचसं सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलेलं, त्यासाठीच. वर्गात आणलेल्या इतक्या यंत्रांमध्ये "मला बदल" असं स्वतःहून सांगणारं हे एकच म्हणायचं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची मंडळी नंतर खैराटला जाऊन काम करत राहिली, म्हणून निदान तिथे तरी तो आठवड्याभराचा फोटो-कार्यक्रम झाला नाही.

पण देशभर ती योजना पसरली नाही. सरकारच्या नकाराचं एक कारण झालंच. दुसरं मला असं वाटतं, की ती सोर्स दाखवणारी कळ मुलासाठी होती. शिक्षक त्या सगळ्या आराखड्यात कुठे होता? लॅपटॉप द्या, मूल आपलं आपण शिकेल, असा त्या विचाराचा गाभा. दिल्लीत कालकाजीला 1999 मध्ये सुगत मित्रांनी भिंतीत कॉम्प्युटर बसवला तेव्हाही हेच. मुलं शिकतात, त्यात शंका नाही. माऊस आठ दिवसांत शिकतात. पण चौथीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी कुठे अडतेय हे शोधणारं माणूस लागतंच.

तोवर आमच्या ॲपचं काम सुरू झालं होतं. म्हटलं, आधी एक शाळा बघून येऊ. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव या आमच्या परिसरातल्या गावांनी मिहानसाठी जमिनी दिल्यात, वरून विमानं जातात, पलीकडे काचेच्या इमारती, आणि अलीकडे अजूनही गुरं चरत असतात. त्या पट्ट्याच्या थोडं पुढचं गाव समजा. मॅडमनी आमचं चहा देऊन स्वागत केलं आणि एक लोखंडी कपाट उघडलं. आत बारा टॅबलेट, कोणीतरी आधीच दिलेले! प्रत्येकावर देणाऱ्याचा लोगो.

"वापरत नाही का मॅडम?"

"वापरत होतो सर. पहिल्या वर्षी रोज. मग पुस्तक बदललं, ह्यातले धडे जुनेच राहिले. आणि ह्यात माझं काही टाकताच येत नाही. ह्यातली बाई बोलते ते आमच्या लेकरांना पुण्याच्या बातम्यांसारखं वाटते. मी म्हटलं मी माझ्या आवाजात गोष्ट भरते, तर पासवर्ड नाही."

एवढंच. बॅटऱ्या ठीक होत्या, काचा ठीक होत्या. कपाटात गेले ते पासवर्डमुळे. अशा टॅबलेटांना लोक सरसकट "शिक्षकच वापरत नाहीत" म्हणून मोकळे होतात, त्याचा मला त्या दिवसापासून राग येतो. कारण हेच शिक्षक रोज मोबाईलवर किती काम उपसतात ते बघा. 2015 मध्ये 'सरल' नावाची संगणकप्रणाली आली आणि दर मुलाची माहिती ऑनलाइन भरणं आलं. त्यानंतर पोषण आहाराची नोंद, हजेरी, नाना प्रकारच्या लिंका. ज्यांना तंत्रज्ञान येत नाही असं आपण म्हणतो, ते रात्री अकराला सर्व्हरवरचा ताण कमी झाला की माहिती भरत बसतात.

आणि ज्यांनी खरोखर काही केलं तेही याच जिल्हा परिषदेच्या शाळांतले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला संदीप गुंड या शिक्षकानं गावाच्या मदतीनं साध्या शाळेत डिजिटल वर्ग उभा केला आणि मग पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर लोकवर्गणीतून गावोगावी प्रोजेक्टर आले. त्याच सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांची चर्चा होती, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यामुळे. तिथलं तंत्रज्ञान काय? ऑइलपेंट! वर्गाच्या फरशीवर रंगवलेले तक्ते, खडे, मणी, काड्या. मुलं जमिनीवर बसून एकमेकांत शिकताहेत. कोसबाडच्या चिंचोक्यांची पुढची आवृत्तीच म्हणायची. तिथेही बसगाड्या भरून शिक्षक बघायला यायचे. परत गेलेल्यांपैकी काहींनी मुलांचं काय चाललंय ते नेलं, काहींनी फक्त फरशी रंगवून घेतली. टकळीचाच किस्सा पुन्हा.

रणजितसिंह डिसले हे नाव मात्र तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं परितेवाडी. 2009 मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत गोठ्याला लागून होती. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्याच भाषेत. त्यांनी काय केलं, पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. मुलानं घरच्या फोनवरून कोड स्कॅन करायचा, की गुरुजींनी निवडलेली कविता, गोष्ट, व्हिडिओ, गृहपाठ समोर. यात इंजिनियरिंग किती? आमच्यातला कुठलाही ट्रेनी अर्ध्या दिवसात करेल. पण छापून आलेल्या, सरकारी, सगळ्यांना सारख्या पुस्तकात आपल्या वर्गापुरता बदल करायची ती फट होती, आणि ती शिक्षकाच्या हातात होती. पुढे 2017 मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरलं. 5 सप्टेंबर 2017 ला केंद्राचा 'दीक्षा' मंच आला. 3 डिसेंबर 2020 ला डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. आता सगळ्या पुस्तकांत कोड छापील येतात, सगळ्या मुलांना तोच व्हिडिओ दाखवतात. परितेवाडीच्या कोडमध्ये मात्र काय उघडायचं ते परितेवाडीचे गुरुजी ठरवत होते. हा फरक कुठल्या परिपत्रकात सापडत नाही.

आमच्या ॲपच्या यादीत मी आता दोन गोष्टी सगळ्यात वर लिहिल्यात. एक, शिक्षिकेला स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या फोटोंनी धडा करता आला पाहिजे, नेट नसताना, आमच्यापैकी कोणालाही फोन न करता. दोन, ॲडमिनचा पासवर्ड शाळेकडे. पहिल्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यावर तीन बैठका झाल्यात. "त्यांनी काही बिघडवलं तर?" हा प्रश्न फिरून फिरून येतो. बिघडवतीलच. बिघडवलं म्हणजे हात लावला. अहवालात मात्र किती टॅबलेट वाटले एवढाच रकाना आहे, आणि मार्च तर जवळ आलाय.

वाचताना सगळ्यात लागलेली गोष्ट बालचित्रवाणीची. केंद्राचा निधी थांबला, कर्मचाऱ्यांचे पगार कित्येक महिने अडकले, आणि 2017 मध्ये राज्य सरकारनं ती संस्था बंद करायचा निर्णय घेतला. जमाना डिजिटल झालाय, टीव्ही कोण बघतो, असंच तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असणार. त्याला तीन वर्षं होत नाहीत तोवर मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, आणि खेडोपाडीच्या पहिली-दुसरीच्या मुलांपर्यंत पोचायला नेट नाही, फोन एक आणि तो बापाबरोबर कामावर. मग पुन्हा टीव्हीच लागला. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केली होती. त्यात फळ्यासमोर उभा राहून शिकवणारा मास्तर नव्हता. घरातल्या वस्तू, अंगण, आई, आजी यांच्याबरोबर करून बघायच्या गोष्टी होत्या.

जिथे टीव्हीही नव्हता तिथे पालघरच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनची 'बोलकी शाळा' गेली. लाऊडस्पीकरवर रेकॉर्ड केलेले धडे लावायचे, मुलं झाडाखाली अंतर राखून बसायची, सोबत एक स्वयंसेवक. आणि सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, कामगारांच्या वस्तीत, तिथल्या आशा मराठी विद्यालयानं पुस्तकातले धडे वस्तीतल्या अडीच-तीनशे घरांच्या भिंतींवर रंगवून घेतले. पहिलीची अक्षरं, पाढे, पुढच्या वर्गांची सूत्रं. मुलं दिवसातल्या कुठल्याही वेळी, मास्क लावून, आपापल्या इयत्तेच्या भिंतीसमोर वही घेऊन उभी राहायची.